दशांश अपूर्णांकांच्या बेरजेची शाब्दिक उदाहरणं का चुकतात?

२.५ मीटर आणि १.७५ मीटर दोरी मिळून उत्तर २ मीटर कसं आलं, असं विचारलंय. बहुतेक तुम्ही शेवटचे अंक एकाखाली एक घेतलेत, म्हणजे २५ अधिक १७५, झाले २००, आणि दोन अंकांआधी दशांशचिन्ह दिलंत की २.००. पूर्ण संख्यांच्या बेरजेची ती सवय इथे नडते. इथे दशांशचिन्हाखाली दशांशचिन्ह आलं पाहिजे. त्यासाठी २.५ ला सरळ २.५० लिहा, शेवटी शून्य दिल्याने किंमत बदलत नाही. आता शतांश ० + ५ = ५. दशांश ५ + ७ = १२, त्यातले २ लिहा, हातचा १. एकक २ + १ + १ = ४. उत्तर ४.२५ मीटर. तसंही एकच तुकडा अडीच मीटरचा असताना दोन्ही मिळून २ मीटर होतीलच कसे? एवढा अंदाज आधी घेतला तरी चूक लगेच दिसते.

खरी गोची मात्र एककांत असते. ३ किलो ५० ग्रॅम म्हणजे ३.५ नव्हे, ३.०५ किलो, कारण ५० ग्रॅम हा किलोचा ०.०५ भाग. त्यात ८०० ग्रॅम, म्हणजे ०.८ किलो मिळवले की ३.८५ किलो. (इथे माझीही पेन्सिल अजून थबकते.) ‘एकूण’, ‘मिळून’ हे शब्द दिसले की बेरीज, असं मात्र डोळे झाकून धरू नका. ‘एकूण ५ मीटरपैकी १.७५ मीटर कापली, किती उरली?’ यातही ‘एकूण’ आहेच, पण करायची असते वजाबाकी.