फिल्टर चकाचक, पण वरच्या डक्टचं काय?

प्रश्न : सर नमस्कार, ठाण्यात सोसायटीच्या तळमजल्यावर आमचं चायनीज आणि तंदूरचं छोटं हॉटेल आहे, किचनचा धूर नेणारा पत्र्याचा डक्ट मागच्या भिंतीने थेट गच्चीवर नेलाय. पोरं रोज रात्री हूडचे, म्हणजे शेगडीवरच्या धूर ओढणाऱ्या छत्रीचे, फिल्टर धुतात. आता एक क्लिनिंगवाला म्हणतो दर तीन महिन्यांनी अख्खी सिस्टिम साफ करा, दुसरा म्हणतो वर्षातून एकदा बस्स, आणि त्याचा रेटही निम्मा आहे. अग्निशमन यंत्रणेचा दाखला, तो फॉर्म बी, आम्ही वेळेवर देतो, मग हा खर्च खरंच गरजेचा आहे का?

उत्तर : गरजेचा आहे, आणि तुमच्याकडे तर जास्तच. फिल्टर सगळं तेल अडवत नाही हो. फुल आचेवर चायनीजच्या कढईतून जी तेलाची वाफ उठते ती बरीचशी फिल्टर पार करून वर जाते आणि गार पत्र्याला लागली की तिथेच चिकटते, आडव्या भागात आणि एल्बोला, म्हणजे डक्टच्या वळणाला, सगळ्यात जास्त. सुरुवातीला हा थर बोटाने निघतो, पण उष्णता खाऊन खाऊन असा कडक होतो की खरवडल्याशिवाय हलत नाही. खाली कढईत भडका उडाला आणि ज्योत आत ओढली गेली की हा थर पेट घेतो, धूर ओढणारा पंखा, म्हणजे ब्लोअर, चालूच असतो तो वारा घालतो, आणि आग तुमच्या किचनमध्ये न थांबता वरच्या लोकांच्या खिडक्यांशेजारून गच्चीपर्यंत जाते.

अमेरिकेचं एनएफपीए ९६ हे स्टँडर्ड या कामात बरेच जण धरतात. त्यात कोळसा-लाकडावर चालणाऱ्या किचनची तपासणी दर महिन्याला सांगितलीय, चायनीज कढई किंवा २४ तास चालणाऱ्या किचनची दर ३ महिन्यांनी, मध्यम वापर असेल तर ६ महिन्यांनी, आणि वर्षातून एकदा फक्त अगदी कमी वापर असेल तिथे. तपासणीत थर दिसला की सफाई करायची. म्हणजे पहिला माणूस बरोबर सांगतोय, आणि तुमचा तंदूर कोळशाचा असेल तर तोही कमीच सांगतोय.

फॉर्म बी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यायचा असतो, तो तुमची अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत आहे याचा. डक्ट आतून साफ आहे असं तो कुठेच म्हणत नाही.

निम्म्या रेटमध्ये बहुतेक वेळा काय होतं सांगू? हूडला पॉलिश, हात पोचेल तेवढा डक्ट पुसायचा, वर स्टिकर, झालं काम. पैसे द्यायच्या आधी विचारा की एल्बोपाशी एक्सेस डोअर आहे का, नसेल तर आत माणूस किंवा ब्रश जाणार कुठून? आधी ती दारं बसवून घ्या. त्याच जागेचे आधीचे आणि नंतरचे फोटो मागा, गच्चीवरच्या ब्लोअरच्या पात्यांचेही. काम सुरू व्हायच्या आधी गॅसचा मेन व्हॉल्व्ह बंद, ब्लोअरचा एमसीबी खाली, आणि तिथे कुणी चुकून चालू करू नये म्हणून पाटी, हे तुम्ही स्वतः बघा.

प्रश्न : नाशिकला माझी मेस आहे. हूडमधून तेलाचे थेंब थेट शेगडीवर पडतात, आणि ब्लोअर हल्ली थरथरतो.

उत्तर : ताई, आधी फिल्टर कसे बसवलेत ते बघा. पट्ट्या उभ्या असल्या तर तेल ओघळून खालच्या पन्हाळीत जातं, धुवून परत लावताना कुणी आडवे ठोकले की ते पट्ट्यांत साचतं आणि थेंब थेंब खाली. बऱ्याचदा एवढंच असतं! पन्हाळीच्या टोकाचं भांडंही रोज रिकामं होतंय ना? थरथर मात्र पात्यांवर तेल कमीजास्त साचल्याने होते, बॅलन्स बिघडतो. पाती खरवडून घ्या, तरीही आवाज राहिला तर बेअरिंग दाखवा, उशीर केला तर मोटरवर येतं.

प्रश्न : कॉस्टिक सोड्यात फिल्टर बुडवले तर चालतील का?

उत्तर : स्टेनलेस स्टीलचे असतील तर चालतील, ग्लव्हज आणि गॉगल लावून. अॅल्युमिनियमचे असतील तर अजिबात नाही, बुडबुडे येतात तो हायड्रोजन असतो, म्हणजे जळणारा गॅस, आणि फिल्टर खरबरीत होऊन झिजतो. त्याला गरम पाणी आणि अॅल्युमिनियमला चालणारा डिग्रीझर, म्हणजे तेल काढणारं द्रावण. कॉस्टिक वापरणारच असाल तर गार पाण्यात थोडं थोडं टाका, कढत पाण्यात टाकलंत तर उसळून तोंडावर येतं.