डीएनएची नवी साखळी एकाच दिशेने का वाढते?

ठाणे आणि नवी मुंबई परिसरातून या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी जीवशास्त्राविषयीच्या तीन पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. तिन्ही प्रश्न डीएनएची रचना आणि त्याचे द्विगुणन यांच्याशी निगडित आहेत. पहिल्या प्रश्नाला अधिक जागा दिली आहे, कारण नेमक्या याच ठिकाणी अनेक विद्यार्थी अर्थ सोडून पाठांतराकडे वळतात.

प्रश्न : डीएनए पॉलिमरेज हे विकर (एन्झाइम) ५ प्राइमकडून ३ प्राइमकडेच साखळी वाढवते, त्यामुळे एक नवा धागा सलग आणि दुसरा तुकड्यातुकड्यांनी तयार होतो, हे मला पाठ आहे. परंतु विकराला उलट दिशेने काम का करता येत नाही, याचे उत्तर कुठेच मिळाले नाही.
— बारावीची विद्यार्थिनी, नौपाडा, ठाणे

उत्तर : प्रश्न अतिशय योग्य आहे. आधी हे आकडे कशाचे, ते पाहू. डीऑक्सिरायबोज शर्करेतील पाच कार्बन अणूंना क्रमांक दिलेले असतात. पाचव्या कार्बनला फॉस्फेट जोडलेले असते, तर तिसऱ्या कार्बनवरील हायड्रॉक्सिल गटाला पुढच्या न्यूक्लिओटाइडचे, म्हणजे साखळीतील पुढच्या घटकाचे, फॉस्फेट जोडले जाते. म्हणून प्रत्येक धाग्याला एक ५ प्राइम आणि एक ३ प्राइम टोक असते. दुहेरी सर्पिलातील दोन धागे शेजारी असले, तरी त्यांच्या दिशा विरुद्ध असतात, जसे ठाणे-वाशी रेल्वेमार्गावर अप आणि डाऊन रूळ शेजारी असूनही त्यांवरच्या गाड्या उलटसुलट दिशांना जातात. वहीत ५ प्राइम टोकापासून ए-टी-जी-सी-सी-ए असा क्रम लिहा (ए, टी, जी आणि सी हे डीएनएतील न्यूक्लिओटाइडचे चार प्रकार). ए समोर टी आणि जी समोर सी या नियमाने त्याखाली टी-ए-सी-जी-जी-टी ही अक्षरे येतील. पण हा दुसरा धागा त्याच्या स्वतःच्या ५ प्राइम टोकापासून वाचला, तर तो टी-जी-जी-सी-ए-टी असा वाचावा लागतो. टोके न दाखवता लिहिलेला क्रम म्हणूनच अपुरा ठरतो आणि परीक्षेत गुण जाण्याचे ते एक अगदी नेहमीचे कारण आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. साखळीत येणारे प्रत्येक नवे न्यूक्लिओटाइड आपल्यासोबत तीन फॉस्फेट घेऊन येते. साखळीच्या ३ प्राइम टोकाशी ते जोडले जात असताना त्यातील दोन फॉस्फेट सुटतात आणि बंध तयार होण्यासाठी लागणारी ऊर्जा त्यातूनच मिळते. म्हणजे ऊर्जा पाहुण्या न्यूक्लिओटाइडकडे असते, वाढणाऱ्या टोकाकडे नसते. पॉलिमरेजकडून चुकीचे न्यूक्लिओटाइड जोडले गेले, तर ते विकर एक पाऊल मागे येऊन ते कापून टाकते. मागे उरलेल्या टोकावर हायड्रॉक्सिल गट पूर्वीसारखाच मोकळा असतो, नवे न्यूक्लिओटाइड स्वतःची ऊर्जा घेऊन येते आणि काम पुढे सुरू होते. याउलट साखळी ५ प्राइम टोकाकडून वाढत असती, तर तीन फॉस्फेटांचा गट साखळीच्याच टोकावर राहिला असता. चूक कापताना तो गट त्या न्यूक्लिओटाइडबरोबरच निघून गेला असता, उरलेल्या टोकाकडे पुढचा बंध जोडण्यापुरती ऊर्जा राहिली नसती आणि साखळीची वाढ तिथेच खुंटली असती. वाढीची दिशा आणि चुका दुरुस्त करण्याची सोय या दोन गोष्टी अशा एकमेकींत गुंतलेल्या आहेत. पॉलिमरेजच्या या तपासणीनंतर आणखी एक स्वतंत्र दुरुस्ती यंत्रणा काम करते आणि या साऱ्यानंतर साधारणपणे १०० कोटी जोड्यांमागे एखादीच चूक शिल्लक राहते.

याची किंमत दुसऱ्या धाग्याला मोजावी लागते. हेलिकेज विकर सर्पिल उलगडत पुढे सरकते, तेव्हा एका साच्यावर, म्हणजे एका जुन्या धाग्यावर, पॉलिमरेज त्याच्या मागोमाग सलग जाऊ शकते. विरुद्ध दिशेच्या साच्यावर मात्र त्याला हेलिकेजपासून दूर जाणारे छोटे तुकडे पुन्हा पुन्हा नव्याने सुरू करावे लागतात. प्रत्येक तुकड्याच्या आरंभी आरएनएचा प्राइमर, म्हणजे सुरुवात करून देणारा लहान तुकडा, लागतो. पुढे हे प्राइमर काढून ती जागा डीएनएने भरली जाते आणि लायगेज हे विकर तुकडे सांधते. जपानमधील नागोया विद्यापीठात रेजी आणि त्सुनेको ओकाझाकी या दांपत्याने १९६० च्या दशकात हे तुकडे शोधले. जिवाणूंमध्ये ते सुमारे १००० ते २००० न्यूक्लिओटाइडचे असतात, तर आपल्या पेशींत जेमतेम १०० ते २०० चे.

प्रश्न : डीएनएच्या रचनेचा शोध वॉटसन आणि क्रिक यांच्या नावावर आहे. मग रोझलिंड फ्रँकलिन यांचे योगदान नेमके कोणते?
— निवृत्त शिक्षक, नेरूळ

उत्तर : लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये फ्रँकलिन यांच्या मार्गदर्शनाखाली रेमंड गॉसलिंग यांनी १९५२ मध्ये घेतलेल्या क्ष-किरण छायाचित्रात सर्पिलाची खूण स्पष्ट दिसत होती. सर्पिलाचा एक वेढा ३.४ नॅनोमीटरचा असतो, हे अशा छायाचित्रांवरूनच मोजता आले, आणि फॉस्फेटचा कणा रेणूच्या बाहेरच्या बाजूस असतो हेही फ्रँकलिन यांनी ओळखले होते. ते छायाचित्र त्यांच्या नकळत वॉटसन यांना दाखवले गेले. २५ एप्रिल १९५३ च्या ‘नेचर’च्या अंकात वॉटसन-क्रिक यांच्या लेखासोबत फ्रँकलिन आणि गॉसलिंग यांचाही लेख प्रसिद्ध झाला. १९६२ चे नोबेल पारितोषिक वॉटसन, क्रिक आणि किंग्ज कॉलेजमधीलच मॉरिस विल्किन्स यांना मिळाले. फ्रँकलिन यांचे १९५८ मध्येच, वयाच्या ३७ व्या वर्षी निधन झाले होते. जोड्यांची कल्पना वॉटसन आणि क्रिक यांची, हे खरे. परंतु ती ज्या मोजमापांवर उभी राहिली, त्यांचे श्रेय वर्गात शिकवताना फ्रँकलिन यांना नावानिशी द्यायलाच हवे, असे आम्हाला मनापासून वाटते.

प्रश्न : मेसेल्सन आणि स्टाल यांच्या प्रयोगात पहिल्या पिढीतच मध्यम घनतेचा पट्टा मिळाला होता. मग दुसऱ्या पिढीपर्यंत थांबण्याची गरज काय होती?
— बी. एस्सी. प्रथम वर्षाचा विद्यार्थी, ऐरोली

उत्तर : कारण डीएनएचे द्विगुणन कसे होते याच्या तीन शक्यतांपैकी पहिल्या पिढीने एकच बाद केली. १९५८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात ई. कोलाय जिवाणू आधी जड नायट्रोजन-१५ वर अनेक पिढ्या वाढवून मग साध्या नायट्रोजन-१४ वर आणले गेले, आणि त्यांचा डीएनए सीझियम क्लोराइडच्या द्रावणात अतिवेगाने फिरवून घनतेनुसार वेगळा केला गेला. जुना रेणू अखंड राहून पूर्णपणे नवा रेणू वेगळा तयार होत असता, तर पहिल्याच पिढीत एक जड आणि एक हलका असे दोन पट्टे दिसले असते; ते दिसले नाहीत. परंतु जुने-नवे तुकडे प्रत्येक धाग्यात मिसळत असते, तरीही पहिल्या पिढीत मध्यम पट्टाच मिळाला असता. त्या स्थितीत दुसऱ्या पिढीत पुन्हा एकच, किंचित हलका पट्टा यायला हवा होता. प्रत्यक्षात निम्मा डीएनए मध्यम आणि निम्मा हलका मिळाला, आणि प्रत्येक नव्या रेणूत एक जुना व एक नवा धागा असतो, हे तेव्हा सिद्ध झाले.

तिसऱ्या पिढीचे प्रमाण विचारले, तर एका मूळ रेणूपासून झालेले आठ रेणू कागदावर मांडा: दोन मध्यम आणि सहा हलके. मध्यम पट्टा पुढेही क्षीण होत जाईल, पण पूर्णपणे नाहीसा होणार नाही, कारण मूळ रेणूचे दोन जड धागे प्रत्येक पिढीत कोणत्या तरी दोन रेणूंमध्ये शिल्लक असतातच.