ब्रिटिश काळात कलात संस्थान खरोखर स्वतंत्र होते का?

कागदोपत्री होते, व्यवहारात मात्र नव्हते. १८३९ मध्ये ब्रिटिश फौजेने बलुचिस्तानातील कलातचा किल्ला जिंकला आणि तिथले शासक, म्हणजे ‘खान’, मेहराब खान लढताना मारले गेले. तरीही निर्णायक ठरला तो १८७६ चा करार, कारण ब्रिटिश अधिकारी रॉबर्ट सँडेमन यांनी तेव्हाचे शासक खुदादाद खान आणि त्यांचे सरदार यांच्यातील वाद मिटवताना अंतिम निवाड्याचा अधिकारच ब्रिटिशांकडे घेतला. माझ्या मते खानांची सत्ता तिथेच संपली. १८८३ मध्ये क्वेट्टा वार्षिक २५,००० रुपयांच्या मोबदल्यात कायमच्या भाडेपट्ट्याने ब्रिटिशांकडे गेले आणि १८९३ मध्ये खुदादाद खान यांना पद सोडावे लागले. विशेष म्हणजे, कलातच्या स्वातंत्र्याचा आदर राखण्याचे वचन १८७६ च्याच करारात होते, आणि त्यावरच भिस्त ठेवून तेव्हाचे शासक अहमद यार खान यांनी १९४७ मध्ये स्वतंत्र राज्याचा दावा केला; मार्च १९४८ मध्ये त्यांनी पाकिस्तानातील सामिलीकरणावर सही केली.