बेदाण्याच्या बॉक्सवर कुठला करंट?

प्रश्न: आमचा तासगावात बेदाण्याचा छोटा धंदा आहे, नवीन बॉक्स छापायचेत. प्रिंटिंगवाल्याने डिझाईनमध्ये इंग्लिशमधे 'करंट' टाकलंय, भाची म्हणते अगं मामी करंट म्हणजे लाइटचा शॉक, तो म्हणतो स्पेलिंग वेगळं आहे. मोबाईल पण चूक दाखवत नाही. खरं कोणाचं?
– एक वाचक, तासगाव

उत्तर: ताई, खरं दोघांचंही, पण बॉक्सवर ते छापू नका, का ते सांगतो. उच्चार सेम असला तरी हे दोन्ही करंट एकमेकांचे कोणी लागत नाहीत. ज्याच्या शेवटी ई-एन-टी येतं तो लॅटिनमधल्या 'धावणे' वरून आलाय, म्हणून नदीची धार, लाइटचा करंट, एमपीएससीवाल्या पोरांचं करंट अफेअर्स, बँकेतलं करंट अकाउंट, सगळं त्याच्यातलं. शेवटी ए-एन-टी असेल तर मात्र तो सुकवलेल्या द्राक्षाचा, ग्रीसमधल्या कोरिंथ गावाच्या नावावरनं पडलेला. लक्षात ठेवायचं तर ए-एन-टी म्हणजे इंग्लिशमधे मुंगी, आणि गोड असेल तिथंच मुंगी येणार! मोबाईल गप्प बसतो कारण दोन्ही स्पेलिंग त्याच्या लेखी बरोबरच, तुम्हाला द्राक्ष म्हणायचंय का वीज हे त्याला काय कळणार.

आता मुद्द्याचं. तो ए-एन-टीवाला करंट म्हणजे अगदी बारीक, काळ्या, बिनबियांच्या द्राक्षाचा, ब्लॅक कोरिंथ नावाची जात आहे ती. आपल्याकडं शेडवर जाळीत पसरून सुकवतात तो माल थॉमसन, सोनाका, तास-ए-गणेश असल्या जातींचा, हिरवा नाहीतर पिवळा, दाणा पण चांगला मोठा. त्याला रेझिनच म्हणतात, सांगलीच्या बेदाण्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय ते पण रेझिन म्हणूनच. करंट वाचून बाहेरच्या गिऱ्हाईकाने बॉक्स उघडला आणि आत हिरवा बेदाणा निघाला तर तो फोन करणारच ना, माल चुकला म्हणून.

आणि आईस्क्रीमवाला ब्लॅककरंट भाचीने मधे आणला तर सांगा, ते द्राक्षच नव्हे, वेगळ्याच झुडपाचं आंबट फळ आहे, स्पेलिंग तेवढं मुंगीचं.

बिलबुक पण त्याच प्रेसमधे टाकलं असेल तर खालची बँक डिटेल्सची ओळ आधी बघून घ्या, तिथं ई-एन-टीच पाहिजे.