वाचकांचे प्रश्न : जुन्या जॅझमधील क्लॅरिनेट

प्रश्न : लग्नाच्या वरातीतील बँडचे क्लॅरिनेट मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. अलीकडे १९२० च्या दशकातील अमेरिकन जॅझच्या ध्वनिमुद्रिका ऐकल्या. मुद्रण खरखरीत असूनही त्यांतील क्लॅरिनेट मनातून जात नाही. असे का व्हावे? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : याचे एक कारण तांत्रिक आहे. १९२५ पर्यंत ध्वनिमुद्रणासाठी मायक्रोफोन सर्रास वापरला जात नसे. वादक एका मोठ्या कर्ण्यासमोर उभे राहून वाजवीत आणि त्या आवाजाच्या जोरावरच सुई मेणाच्या तबकडीवर चर कोरीत असे. या पद्धतीत खर्जातले स्वर हरवत आणि ड्रमचे जोरकस आघात पेलत नसत, परंतु क्लॅरिनेटचा वरच्या पट्टीतला स्वर स्वच्छ उमटे. ओरिजिनल डिक्सीलँड जॅझ बँडने फेब्रुवारी १९१७ मध्ये न्यूयॉर्कला केलेल्या, जॅझच्या पहिल्या समजल्या जाणाऱ्या मुद्रिकेत लॅरी शील्ड्स यांचे क्लॅरिनेट म्हणूनच इतके ठळक आहे.

मात्र केवळ ठळकपणावर कोणतेही वादन शंभर वर्षे टिकत नाही. आपल्या वरातीत गाण्याची चाल बहुधा क्लॅरिनेटच वाजवते. जॅझचे जन्मस्थान मानल्या जाणाऱ्या न्यू ऑर्लिन्स या अमेरिकन शहराच्या परंपरेत ती कॉर्नेटकडे (ट्रंपेटसारखे, पण आखूड वाद्य) असते, खालची बाजू ट्रॉम्बोन (सरकत्या नळीचे, खालच्या पट्टीतले पितळी वाद्य) सांभाळतो आणि क्लॅरिनेट चालीच्या वरून, तिच्या मधल्या जागांतून, स्वतःची ओळ गुंफत जाते. किंग ऑलिव्हर यांच्या बँडच्या १९२३ मधील मुद्रणांत, ऑलिव्हर आणि तरुण लुई आर्मस्ट्राँग अशी दोन कॉर्नेट वाजत असताना, जॉनी डॉड्स हे काम ज्या निर्भयतेने करतात त्याला मला तोड दिसत नाही. ब्लूज या कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या गानप्रकारातला स्वर डॉड्स पुष्कळदा सरळ न लावता खालून ओढून घेतात, आणि मींडेची सवय असलेल्या आपल्या कानाला ते लगेच भिडते.

क्लॅरिनेटवादक जिमी नून यांची १९२८ ची शिकागोतील मुद्रणे मायक्रोफोनच्या काळातली असून त्यांत कॉर्नेट नाही, त्यामुळे क्लॅरिनेटचा खालच्या सप्तकातला उबदार स्वरही तेथे नीट ऐकू येतो.

आपण प्रारंभ १९२७ च्या ‘पोटॅटो हेड ब्लूज’पासून करावा, असे मी सुचवेन. त्या तीन मिनिटांच्या तबकडीत आर्मस्ट्राँग यांच्या प्रसिद्ध एकल वादनाआधी डॉड्स यांचेही एकल वादन आहे. त्यानंतर १९२३ कडे वळावे आणि दुसऱ्यांदा ऐकताना कॉर्नेट सोडून केवळ क्लॅरिनेटच्या मागे जावे.