बारा साइट रोज उघडायच्या कशाला?

प्रश्न : रिटायर होऊन चार वर्षं झाली, कोथरूडला राहतो. सकाळचा चहा झाला की तीन पेपरच्या साइट आणि नऊ मराठी ब्लॉग एकेक करून उघडतो, त्यातले निम्मे ब्लॉगवाले महिन्यातून एकदा लिहितात म्हणजे रोजची फेरी फुकटच. सोशल मीडियावर सगळ्यांची पेजेस फॉलो केली, तर गुरुवारी पाणी बंद असल्याची बातमी मला शुक्रवारी दिसली, तोवर टाकीत ठणठणाट. नात म्हणते, आबा, आरएसएस लावा. हा काय प्रकार आहे?

उत्तर : काका, नातीचं ऐका. दारात पेपर येतो तो कसा, तर पेपरवाल्याला तुम्ही एकदाच सांगितलेलं असतं की हा रोज टाका आणि तो फक्त रविवारी, मग रोज स्टॉलवर जावं लागत नाही. फीड रीडर नावाचं अ‍ॅप तेच काम करतं. बहुतेक ब्लॉग आणि बऱ्याच बातम्यांच्या साइट आपल्या ताज्या लेखांची एक यादी फाइलमध्ये ठेवतात, मथळा, तारीख, लिंक, थोडा मजकूर, बस, तिलाच फीड म्हणायचं, आणि ही यादी लिहायची ठरलेली पद्धत म्हणजे आरएसएस. रीडर मधूनमधून या फाइली तपासतो आणि नवीन असेल तेवढंच पुढ्यात ठेवतो, त्यामुळे महिन्यातून एकदा लिहिणारा ब्लॉगर ज्या दिवशी लिहील त्या दिवशी सापडतो, बाकी एकोणतीस दिवस तुम्हाला तिकडे फिरकायची गरज नाही.

पण मला विचाराल तर वेळ वाचतो हे दुय्यम आहे, खरी गोष्ट आहे क्रमाची. सोशल मीडियावर वर काय दिसणार ते कंपनीचा अल्गोरिदम ठरवतो, म्हणून गुरुवारचं पाणी शुक्रवारी दिसतं. फीडमध्ये साधा तारखेचा क्रम लावता येतो, तुम्ही निवडलेलं सगळं येतं आणि त्या ब्लॉगला तुमचा ईमेलसुद्धा द्यावा लागत नाही. आणि हे काही नवीन खूळ नाही, १९९९ साली नेटस्केप कंपनीत रामनाथन गुहा आणि डॅन लिबी यांनी आरएसएस तयार केलं, तुम्ही पॉडकास्ट ऐकत असाल तर त्याचे नवे भाग फोनवर येतात तेही याच पद्धतीने.

सुरुवातीला कॉम्प्युटरवर फीडली किंवा इनोरीडर यांपैकी एक रीडर उघडा, दोन्हीत फुकट खातं काढता येतं. खातं नको असेल तर अँड्रॉइडवर फीडर नावाचं अ‍ॅप आणि आयफोनवर नेटन्यूजवायर. साइटचा पत्ता टाकून जोडा म्हणायचं, बहुतेक वेळा रीडर फीड आपणच शोधतो. एक लक्षात असू द्या, फीडमध्ये फक्त अलीकडचे लेख असतात, वर्डप्रेसवर (बरेच ब्लॉग ज्यावर चालतात ते सॉफ्टवेअर) काही बदललं नसेल तर शेवटचे दहा, त्यामुळे जुनं वाचायला ब्लॉगवरच जायचं. काही पेपर फीडमध्ये दोनच ओळी देतात, तिथेही लिंक दाबावी लागणार.

प्रश्न : पूर्वी ब्लॉगवर केशरी रंगाचं चिन्ह असायचं, आता दिसतच नाही. फीड बंद झालं का? यूट्यूबवरच्या रेसिपीजचं पण असं काही होतं का? (धनकवडी)

उत्तर : ताई, चिन्ह गेलं, फीड आहे. फायरफॉक्सने २०१८ च्या शेवटी ब्राउझरमधली फीडची सोय काढली, त्यामुळे लोकांना वाटलं संपलं सगळं. वर्डप्रेसच्या ब्लॉगच्या पत्त्यापुढे स्लॅश फीड लिहून बघा, बहुतेक ठिकाणी मिळेल. अ‍ॅटम असं दिसलं तरी घाबरू नका, तो दुसरा फॉरमॅट आहे, रीडरला दोन्ही कळतात. यूट्यूबच्या चॅनेललाही फीड असतं, चॅनेलचा पत्ता फीडली किंवा इनोरीडरमध्ये चिकटवा. ज्या साइटला फीडच नाही तिथे मात्र तिचं न्यूजलेटर घ्या किंवा स्वतः जाऊन बघा.

प्रश्न : मी उत्साहात दोनशे फीड टाकले आणि आता न वाचलेले चौदाशे लेख दिसतात, अ‍ॅप उघडायचीच भीती वाटते. (विद्यार्थी, शिवाजीनगर)

उत्तर : अरे, सगळं वाचलं असं मार्क करून टाक, आत्ताच, खरंच महत्त्वाचं काही असेल तर ते पुन्हा समोर येतंच. मग मोठ्या पेपरचे सरसकट फीड काढ, गर्दी तेच करतात, दिवसाला शंभर बातम्या येतात आणि त्यात महिन्यातून एकदा कोणीतरी मन लावून लिहिलेला किल्ल्यावरचा लेख बुडून जातो, आणि मला त्याचंच वाईट वाटतं कारण अशा लेखकांसाठीच तर फीड लावायचं. पेपरचा फक्त पुण्याचा फीड मिळाला तर तेवढा ठेव. महिनाभर ज्याचं काही उघडलं नाहीस तो काढून टाक, त्या लेखकाला कळतही नाही.

उरतील त्यांची यादी ओपीएमएल फाइल म्हणून एक्सपोर्ट करून ईमेलवर स्वतःला पाठवून ठेव. गूगल रीडर १ जुलै २०१३ ला बंद झाला तेव्हा ज्यांनी आपली यादी आधी उतरवून घेतली होती त्यांनी ती दुसऱ्या रीडरमध्ये टाकली आणि वाचन सुरू ठेवलं. सेटिंग्जमध्ये एक्सपोर्ट शोध, दोन मिनिटांचं काम आहे.