समुद्रातल्या पवनचक्क्यांमुळे अमेरिकेत देवमासे मरतात, हे खरं आहे का?

तसा पुरावा आजवर मिळालेला नाही. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर हंपबॅक देवमासे नेहमीपेक्षा जास्त मरू लागले ते जानेवारी २०१६ पासून. तेव्हा तिथे मोठा प्रकल्प नव्हताच. ऱ्होड आयलंड राज्यातल्या ब्लॉक आयलंड बेटाजवळच्या जेमतेम ५ चक्क्यांची वीज त्या वर्षीच्या डिसेंबरात सुरू झाली. ज्या मृत देवमाशांची तपासणी झाली, त्यांतल्या सुमारे ४० टक्क्यांवर जहाजाची धडक किंवा जाळ्यात अडकल्याच्या खुणा होत्या.

म्हणून चक्क्या निर्दोष, असं मात्र नाही. खरा त्रास बांधकामाच्या वेळी होतो. पोलादी खांब तळात ठोकताना होणारा आवाज पाण्यात लांबवर जातो, आणि आवाजाच्या आधारेच वाट आणि भक्ष्य शोधणारे पॉरपॉइज (डॉल्फिनसारखे छोटे सागरी सस्तन प्राणी) तिथून पळ काढतात. जर्मनीने यावर मर्यादा घातली: ७५० मीटरवर १६० डेसिबल. ती पाळायला खांबाभोवती हवेच्या बुडबुड्यांचा पडदा सोडतात. उपाय साधा वाटतो, पण आवाज चांगलाच कमी होतो.

बाकी पक्षी पात्यांवर आपटणं, मच्छीमारांचं क्षेत्र आक्रसणं हे आहेच. शिवाय जुलै २०२४ मध्ये व्हिनयार्ड विंड या समुद्री पवनचक्की प्रकल्पाचं एक पातं तुटून फायबरग्लासचे तुकडे मॅसॅच्युसेट्समधल्या नॅन्टकेट बेटाच्या किनाऱ्यावर आले होते. देवमाशांच्या गदारोळापेक्षा मला ही तक्रार जास्त रास्त वाटते.